देता-घेता लागलं

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
९ जानेवारी २००७

प्रिय प्रेरणा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पॉलिटेक्निकला असताना आपण एकमेकींच्या घरचा नमस्कार उलटा लिहायचो, मी तुला ‘शरणु’ आणि तू मला ‘जयभीम’. या खेपेला तू नुसता ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलास, म्हणून मीही तोच लिहिला.

अक्षर बघून हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असं वाटेल. मीच लिहिते आहे, डाव्या हाताने. वेळ लागतो, पण आता वाचता येण्यासारखं येतं.

घरी सगळे ठीक. यंदा थंडी जास्त आहे. आज्जी सकाळी दारात उन्हाला बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेते. बाबा एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले, तरी सकाळी डबा भरून मागतात आणि दुपारी घरातच उघडून खातात. प्रसेनजीत इचलकरंजीला सूतगिरणीत लागला. माझी नोकरी आहे, शिरोलीत, त्याच कंपनीत; पण हीट ट्रीटमेंट खात्यात नाही. भट्टीपाशी दोन्ही हात लागतात. आता पोलादाचा कडकपणा दुसरा कुणी मोजतो आणि मी त्याचं सर्टिफिकेट टाइप करते.

तुला सातवा लागला हे वाचून बरं वाटलं. रक्तदाब बघून घेत जा. गडहिंग्लजहून संकेश्वरपर्यंतचा रस्ता फार खराब आहे असं ऐकते. सातव्या महिन्यात असा प्रवास टाळायला डॉक्टर सांगतातच. मागितलं तर तसं लिहूनही देतात.

तू विचारलंस, मी सुऱ्यांच्या नादाला लागले हे खरं का. इंटरनेटवर सुरीवाल्या लोकांत बसते म्हणे. एवढं झाल्यावर मला सुरी बघवते तरी कशी. त्याच पानावर खाली लिहिलंस की तुझ्या अण्णाच्या वकिलांच्याही हे कानावर गेलं आहे. दोन्हींचा संबंध मला समजला. तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो तुझा स्वतःचा असावा असं मी धरून चालले आहे.

खरं आहे. आम्हाला सुट्टी सोमवारी असते. त्या दिवशी राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत मी जाते आणि एक फोरम उघडते. फोरम म्हणजे पारावर गप्पा चालतात तसं समज. एकजण विषय काढतो, बाकीचे आपापल्या सवडीने खाली लिहीत जातात. जगभरची माणसं आहेत, सगळ्यांना सुऱ्या-चाकूंची आवड. पोलाद कुठलं, धार किती अंशाची, मुठीला कुठलं लाकूड, आजोबांच्या चाकूवरचा गंज कसा काढायचा, असलं बोलणं चालतं. पहिल्याच पानावर नियम आहे की माणसाला इजा करण्याबद्दल इथे चर्चा होणार नाही. कुणी केलीच तर ती लगेच पुसतात आणि त्या माणसाला समज देतात. नाव नोंदवण्याआधी तो नियम मी पुन्हा पुन्हा वाचला होता.

मी गेले ते कामासाठी. टाके काढल्यावर माझा उजवा हात उघडायचा, पण मिटायचा नाही. अंगठा आणि तर्जनी चालतात. करंगळी थोडी वळते. मधली दोन बोटं वळत नाहीत आणि वळणारही नाहीत, असं सर्जननी सांगितलं. कांदा चिरायला घेतला की सुरी फिरायची. अशा हाताला धरता येईल अशी मूठ मिळते का, ते शोधत होते. शोधता शोधता हे लोक सापडले. नाव म्हणून मी ‘शिरोली’ लिहिलं. एकाला ते इटालियन आडनाव वाटलं आणि त्याने इटालियनमध्ये स्वागत केलं.

इथे ज्याला माझा हात दिसला त्याने एकच विचारलं. कोण होता? तुमच्यात काय होतं? कंपनीत विचारलं, बसमध्ये विचारलं, दवाखान्यात पट्टी बदलणाऱ्या बाईने पट्टी हातात धरून विचारलं. फोरमवर कुणीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, कुठली बोटं मिटतात? मनगट पूर्ण वळतं का? कापताना जोर कुठून लावतेस? कॅनडात नॉर्मन नावाचा एक म्हातारा सुतार आहे. त्याची दोन बोटं करवतीत गेली आहेत. त्याने सांगितलं, मऊ मातीत हात जेवढा मिटतो तेवढा दाबून त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. माती कुठून आणू म्हणून मी कणीक मळली. आज्जी बघत होती. मी मुठीचा ठसा उठवून फोटो काढले, तर म्हणाली, “आता ह्याच्या चपात्या लाटू, का तुजा हात वाळत घालू?”

त्या फोटोंवरून नॉर्मनने मुठीचं चित्र काढून मापं लिहून पाठवली. पातं मी जुन्या कानशीचं केलं. भट्टीत घालायचं काम फोरमन केरबांनी केलं. ते म्हणाले, “मॅडम, तुमी फकस्त टेंपरेचर सांगा, हात आमचा.” फोरमवर हे लिहिताना तापलेलं पोलाद बुडवून कडक करण्यासाठी इंग्रजी शब्द मला पटकन सुचला नाही, म्हणून आपल्याकडे म्हणतात तसंच लिहिलं, सुरीला पाणी दिलं. कुणी हसलं नाही. उलट शब्द आवडला त्यांना. आता तिथले निम्मे लोक, तेलात बुडवलं तरी, पाणी दिलं असंच लिहितात.

ज्या दिवशी त्या सुरीने मी एक कांदा पूर्ण चिरला, त्या दिवशी तेवढंच एक वाक्य लिहिलं. पुढच्या सोमवारी उघडून बघते तर लोकांनी आपापल्या स्वयंपाकघरात कांदे चिरून त्यांचे फोटो टाकले होते. कुणी पातळ, कुणी जाड, एकाचा पार लगदा. न्यूझीलंडच्या एका खाटीकबाईने खाली लिहिलं होतं की शिरोलीचा कांदा सगळ्यांत सरळ आहे. मी कॅफेवाल्याला सांगून ते पान छापून घेतलं. दुसरं कुठलंच पान मी आजवर छापलेलं नाही.

तेव्हा सुरी बघवते. वकिलांना सांग, हा नाद मला लागला तो त्या घटनेनंतर, आधी नाही. त्या दिवसापर्यंत मी फक्त पोलादाचे तुकडे तपासत होते.

दिवाळीनंतर तुझे वडील आमच्याकडे येऊन गेले, बसाप्पाकाका. बरोबर तुझे मिस्टर होते. हे तुला कुणी सांगितलं नसावं, कारण तुझ्या पत्रात नाही. चहा झाला. काका बराच वेळ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत होते. मग बाबांना म्हणाले, “झालं ते झालं. पोरीला आमी करून घेतो. आता आमचं काय म्हणणं न्हाय.”

बाबा म्हणाले, “आमचं हाय की.”

पुढे काही बोलणं होईल असं वाटलं होतं. पण आज्जी आतून आली आणि उभ्यानेच म्हणाली, “हात कापून वर हात मागाय आलासा व्हय?” तुझे मिस्टर चप्पल शोधायला लागले. मला वाईट वाटलं ते काकांचं. ते खरोखर तोडगा घेऊन आले होते. आपण काय बोललो हे त्यांना परत जाताना सुद्धा कळलेलं नव्हतं.

आता तुझ्या मुख्य मागणीकडे येते. तू लिहिलंस, कोर्टात एवढंच म्हण की देता-घेता लागलं. अण्णा सुरी देत होता, मी घाईने पात्याकडून धरली. तुझ्या जबाबातही तेच आहे. अण्णाचं आयुष्य एका वाक्यावर आहे, असं लिहिलंस.

त्या वाक्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. नोव्हेंबरात फोरमवर एकाने विषय काढला होता, तुमच्या घरात सुरी दुसऱ्याला कशी देतात? फार छान उत्तरं आली. कुणाकडे सुरी भेट मिळाली की बदल्यात नाणं देतात, नाहीतर मैत्री तुटते म्हणे. न्यूझीलंडच्या बाईकडे मूठ पुढे करून देतात आणि समोरचा ‘घेतली’ म्हणेपर्यंत सोडत नाहीत. मीही लिहायला घेतलं. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत. खाली ठेवतात, दुसऱ्याने उचलायची. हातात दिली तर भांडण होतं. मी एका हाताने टाइप करते, एकेक अक्षर. त्यामुळे वाक्य पुरं होईपर्यंत त्यावर विचार करायला वेळ मिळतो. ‘देत नाहीत’पर्यंत आले आणि थांबले.

तुमच्या घरातही देत नाहीत, प्रेरणा.

मला हे नक्की माहीत आहे आणि का माहीत आहे तेही सांगते. पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे जेवून आले तेव्हा आज्जीने मला बसवून सगळं विचारलं. ताट कुठं वाढलं? चहा हातात दिला का ठेवला? पाणी वरून ओतलं का? तिने जे भोगलं आहे त्यामुळे ती विचारणारच. मी म्हटलं, चहा हातात देतात, ताट सगळ्यांच्या पंगतीत. सुरी तेवढी कट्ट्यावर ठेवतात. तिचा चेहरा बदलला. “आपल्यालाच, का समद्यास्नी?” मी म्हटलं, बघून सांगते. त्यानंतर मी मुद्दाम बघत राहिले. हिराबाईकाकू तुला, पोटच्या पोरीला सुद्धा, सुरी हातात द्यायच्या नाहीत, काकांना नाही, तुझ्या अण्णाला, अमरेशलाही नाही. एकदा अमरेशने कात्री तुझ्यापुढे केली तर त्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारून ती खाली ठेवायला लावली. मी येऊन आज्जीला सांगितलं, समद्यास्नी. ती म्हणाली, मग ऱ्हाऊ दे. त्यानंतर तिने तुमच्या घराबद्दल कधी काही विचारलं नाही.

तुझ्या अण्णाचे वकील बाहेरगावचे आहेत. देता-घेता लागलं, हे त्यांना साधं वाटलं असेल. तुमच्या घरात कुणी ते वाचून चमकलं कसं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

त्या दुपारी सुरी धुऊन कट्ट्यावर ठेवलेली होती. कलिंगड आपण तिघांनी खाल्लं होतं. तू साली टाकायला मागे गेली होतीस. अमरेशने पुन्हा तेच, लग्नाचं, विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हटलं. दोन वर्षं तो कंपनीच्या गेटपाशी उभा राहायचा हे तुला माहीत होतं. तू म्हणायचीस, अण्णा तसा गरीब आहे, हसून सोडून दे. त्या दिवशी तो म्हणाला, “आमच्यात बसून खातीस की. मग आमच्यात यायला काय झालं?” मी म्हटलं, खायला मी प्रेरणाकडे येते. मग त्याने सुरी उचलली. मी हात मधे घातला. नसता घातला तर वार तोंडावर आला असता. तू तोपर्यंत दारात येऊन उभी होतीस, रिकामी परात हातात.

ओढणी तू बांधलीस. रिक्षात माझं मनगट छातीच्या वर धरून ठेवलंस, दवाखान्यापर्यंत एकदाही खाली येऊ दिलं नाहीस. तिथे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला बोलता येत नव्हतं. तूच म्हणालीस, माझ्या भावाने केलं. ते कुणी लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हा देता-घेता झालं होतं.

अठरा तारखेला माझी साक्ष आहे. त्यात सुरी कशी देतात तेही मी सांगणार आहे. तुझी साक्ष माझ्यानंतर आहे. सरकारी वकिलांना ही गोष्ट मी अजून बोललेले नाही. त्याआधी तुला कळावी असं वाटलं. तू काय करावंस हे मी लिहिणार नाही. लिहिणं बरोबरही नाही.

तब्येतीला जप. रस्त्याचं वर लिहिलं आहेच.

जबाबात जिला तू ‘सदर मुलगी’ म्हटलं आहेस ती,
दीक्षा


सिद्धार्थनगर, कोल्हापूर
२ फेब्रुवारी २००७

प्रेरणा,

तुझं अंतर्देशीय आलं. एवढ्या मोठ्या निळ्या कागदावर एकच ओळ. ‘तू मुद्दाम लिहिलंस, तुला माहीत होतं मी दाखवणार.’

नाही. मला माहीत नव्हतं.

माझं पत्र तुझ्याकडून कुणी घेतलं, का तू दिलंस, हे विचारत नाही. साक्षीला माझ्या आधी तुलाच उभं केलं, तेव्हाच काहीतरी बदललं आहे असं वाटलं होतं. मग तू म्हणालीस, सुरी कट्ट्यावर होती आणि दोघांनी एकदम उचलायला हात घातला, त्यात लागलं. ही नवी गोष्ट चांगली बसवली होती. सुरी खाली ठेवल्याचं तिच्यात होतं. पण सरकारी वकिलांनी तुझा पोलिसांपुढचा जबाब काढला आणि तुला दोन्ही वाचून दाखवले. एकात सुरी अण्णाच्या हातातून माझ्या हातात जाते आहे आणि दुसऱ्यात कट्ट्यावर आहे. यातलं खरं कुठलं, असं त्यांनी विचारलं. तू पाणी मागितलंस. त्यांनी पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, “आमच्यात सुरी हातात देत नाहीत.” न्यायाधीश तुझ्याकडे बघत राहिले.

तू त्या दिवशी यावंस म्हणून मी लिहिलं नव्हतं. तू येऊ नयेस म्हणून लिहिलं होतं. महिना, रस्ता, डॉक्टरचं सर्टिफिकेट, सगळं त्यासाठी होतं. येऊ नकोस असं सरळ लिहिलं असतं तर साक्षीदाराला अडवलं असं झालं असतं, म्हणून फिरवून लिहिलं. तुला कळेल असं वाटलं. परीक्षेत तू माझ्या नुसत्या मान हलवण्यावरून उत्तर ओळखायचीस. या खेपेला ओळखलं नाहीस किंवा तुला ओळखू दिलं नाही. चूक असलीच तर फिरवून लिहिण्यात आहे आणि ती मी मान्य करते. पण मुद्दाम म्हणशील तर नाही.

माझी साक्ष दुपारी झाली. मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. तुझ्यानंतर त्याला फार वेळ लागला नाही. हात कसा मिटतो ते न्यायाधीशांनी बघितलं. अमरेशने मान वर केली नाही. निकाल अजून लागायचा आहे, पण आमचे वकील आता हळू आवाजात बोलत नाहीत.

बाहेर व्हरांड्यात बसाप्पाकाका तुला जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, मीही. “बुडीवलंस की गं आमाला. आता उंबरा चढू नगंस.” हिराबाईकाकू काकांच्या मागे उभ्या होत्या. त्या तुझ्याकडे न बघता काकांमागून चालू लागल्या, हे मला जास्त लागलं. तुझे मिस्टर पिशवी घेऊन पुढे निघून गेले. तू कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतीस आणि मधेच थांबलीस. मी दोन पावलं आले होते. प्रसेनजीतने माझा दंड धरला. त्याने धरला नसता तर मी आले असते का, हे मी स्वतःला विचारून बघितलं.

सोमवारी फोरमवर मी चार ओळी लिहिल्या. त्यांना मी आधी कधीच सगळं सांगितलं नव्हतं, कोर्ट आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. या वेळी जरा सविस्तर लिहिलं. भाऊ, बहीण, साक्ष, पायऱ्या. बऱ्याच जणांनी लिहिलं. हिमतीची आहेस, आम्ही तुझ्या बाजूने आहोत, निकाल आपल्यासारखा लागू दे. न्यूझीलंडच्या बाईने लिहिलं की ती माझ्यासाठी सुरीला धार लावून ठेवते आहे, कधी आलीस तर बोकड मिळून कापू. मी हसले. पुष्कळ दिवसांनी हसले असेन, कारण कॅफेवाल्याने वळून बघितलं.

नॉर्मनने काहीच लिहिलं नव्हतं. मी बंद करायला गेले तेव्हा त्याचं खाली आलं. त्याने माझ्याबद्दल विचारलं नव्हतं आणि निकालाबद्दलही नाही. एकच प्रश्न होता, ती मुलगी त्या पायऱ्या उतरून नंतर कुठे गेली?

मला माहीत नव्हतं. त्याला तसंच कळवलं की माहीत नाही, विचारते.

म्हणून हे पत्र. तुझ्या सासरच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथे नसलीस तर पुढे पाठवतील, अशी आशा धरून. या पत्रात कुणाला दाखवण्यासारखं काही नाही. खुशाल दाखव.

कुठे आहेस? जेवतेस का? पोरगं हालतं ना?

दीक्षा